आमच्या कोणी न लागणाऱ्या आजी

अवोन्डेलच्या आजींना नात्याशिवाय माणूस चालायचं नाही. ओळख होऊन चार वाक्यं झाली की त्या समोरच्याला काहीतरी लावून टाकायच्या. टपाल टाकणारा गोरा पोरगा भाचा, शेजारची सामोअन बाई नणंद, कोपऱ्यावरच्या डेअरीचा गुजराती मालक व्याही. व्याही का, तर दुधाचे पैसे घेताना फार ताठ्यात असायचा. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण कोणाचे तरी व्याही आहोत.

माझी त्यांची गाठ रविवारच्या बाजारात पडली. नवरा जाऊन थोडेच महिने झाले होते आणि मी मेथीच्या जुड्यांसमोर नुसती उभी होते. तेव्हा मी अशी कुठेही उभी राहायचे. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. तनूला अंघोळ घालायची, कामावर जायचं, एवढं हातपाय आपोआप करायचे. तनू कडेवरून "मम्मा, लेट्स गो" म्हणाली, मी "थांब गं" म्हटलं, आणि शेजारून मराठीत आवाज आला, "घ्यायची तर घे, नाहीतर सरक."

मी सरकले. त्यांनी आडनाव विचारलं. कांबळे म्हटल्यावर म्हणाल्या, "आम्हीपण कांबळेच. मग तू माझी सून लागतेस."

"ती कशी काय?"

"ते नंतर बघू. आधी मेथी घे."

आजी पिंपरीच्या. महापालिकेच्या बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या, इथे परदेशात इंजिनियर मुलाकडे राहायला आलेल्या आणि दिवसभर घरात बसून कंटाळलेल्या. आपापल्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांची एक एजन्सी होती, तिथे मुलाने त्यांचं नाव घातलं. मी माउंट वेलिंग्टनला औषधांच्या गोदामात पॅकिंग करायचे. तनूला त्यांच्याकडे सोडायला लागले. माझ्या पगारात सांभाळण्याचा खर्च निघाला नसता. त्यातला मोठा वाटा सरकार परस्पर एजन्सीला द्यायचं, म्हणून माझी नोकरी चालू होती.

"पोर हातात आलं की त्याच्या डोक्याला तेल लागलंच पाहिजे," हा आजींचा कायदा. संध्याकाळी मी न्यायला गेले की तनू दोन घट्ट वेण्या घालून, वरणभात खाऊन, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, उलटसुलट पायांत अडकवून दारात तयार. आजी मराठीत रागवायच्या, ती इंग्रजीत उलट बोलायची, दोघींचं भांडण अगदी व्यवस्थित चालायचं. माझंही ताट वाढलेलं असायचं. "सूनबाई, उभ्याने खाऊ नकोस, बस." त्या वर्षी मला बस म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग एक दिवस एजन्सीची बाई नेहमीच्या पाहणीला आली. मी नेमकी तेव्हाच तनूला न्यायला पोचले होते. बाईने सहज विचारलं, ही छोटी कोण? आजी अभिमानाने म्हणाल्या, "ग्रँडडॉटर. सन्स साइड." माझ्याकडे बोट करून, "डॉटर-इन-लॉ." आडनाव एकच. तनूनेही मान डोलावली. बाईने गोड हसून ते लिहून घेतलं, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आपल्याकडे कोणाला वाटलं असतं?

बेनिफिटच्या, म्हणजे सरकारी मदतीच्या, ऑफिसला वाटलं. त्यांचं पत्र आलं: घरच्याच माणसाने मूल सांभाळलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत, तुम्ही नातं लपवलंत, आजवर दिलेलं सगळं परत करा, आणि पुढचंही बंद. बंद म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली की भाड्याचं घर गेलं. मी ते पत्र फ्रिजवर लावलं आणि कुकर चढवला. घाबरायचंसुद्धा मला सुचलं नाही. भडकल्या त्या आजी. "मी खोटं बोलले? उभ्या जन्मात कधी बोलले नाही ती मी?"

मी तक्रार केली, फेरसुनावणी मिळाली. फुकट सल्ला देणारी एक तरुण वकील होती. ती म्हणाली, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही हे आजींनी स्वतः स्पष्ट सांगायला हवं. म्हणून मी स्वयंपाकघरात तालीम घ्यायला बसले. मी साहेब व्हायचे आणि विचारायचे, ही मुलगी तुमची कोण?

"नात," आजी म्हणायच्या. मग माझं तोंड बघून, "म्हणजे तशी नाही. पण आहेच ना."

"आजी, असं बोललात तर मी बुडाले."

आजी उठल्या. तेलाची बाटली उचलून तनूला हाक मारली.

सुनावणीला तनूलाही न्यावं लागलं. ठेवणार कोणाकडे? सांभाळणारी तर साक्षीला. टेबलापलीकडे तीन माणसं, सगळी सभ्य, सगळ्यांनी इथला नमस्कार, किया ओरा, म्हटलं. आजी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. तनू खाली कार्पेटवर चित्र रंगवत होती. मधल्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला. आजी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नो रिलेशन. नॉट माय ग्रँडडॉटर. नोबडी. आय टेक मनी, आय लुक आफ्टर."

तनूचा खडू थांबला. मराठी तिला कळायचं, पण इंग्रजी जास्त कळायचं. मी ते पाहिलं आणि मला काहीही झालं नाही. झालं एकदाचं नीट बोलून, एवढंच मनात आलं. आता मात्र तो थांबलेला खडूच आठवतो.

आम्ही जिंकलो. मागचं देणं रद्द झालं, पुढचे पैसे चालू झाले. मी बर्फी नेली, आजींनी खाल्ली. तेल, वेण्या, वरणभात, सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं. फक्त टपालवाल्या भाच्याला त्या नुसतं हॅलो म्हणायला लागल्या. सूनबाईची मी मनीषा झाले. कोणी तनूबद्दल विचारलं तर, "ही तनू. मी सांभाळते हिला."

"आजी, संपलं ते आता," मी म्हणायचे.

"कोण कुठे ऐकत असेल, काय सांगावं? माझ्या तोंडापायी तुझं घर बुडायला नको."

तनू शाळेत जायला लागली आणि आजी पिंपरीला कायमच्या परत निघाल्या. विमानतळावर आत जायच्या दारापाशी तनूने त्यांचा पदर धरला. "आजी, ॲम आय स्टिल नोबडी?"

आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाकडे. "फोन करते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. मी उचलला. ख्यालीखुशाली काही नाही.

"आसपास ऑफिसातलं कोणी नाही ना?"

"नाही हो आजी. मी घरी आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझ्या नातीला दे फोन, सूनबाई."

मी फोन तनूच्या हातात दिला आणि तिथेच जमिनीवर बसून, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, रडले.