खंजिरीची झांज

आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर गेल्या उन्हाळ्यात बिघडला. तबकडी फिरता फिरता मध्येच मंदावायची आणि गाणारा झोपेत बरळल्यासारखा गायला लागायचा. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले, तेव्हा हे म्हणाले, नवीन टर्नटेबलच घेऊ. फार स्वस्त नको, फार महागही नको, मधलंच काहीतरी.

हे म्हणजे माझा नवरा. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे काटोलकडच्या संत्रेवाल्या घरातले, आणि दुकानदारावर कधीच विश्वास न ठेवणारे. संत्र्याची पेटी घेताना ते अजून वरची फळं बाजूला सारून तळ बघतात. पेट्या कशा भरतात ते लहानपणी त्यांनी घरीच पाहिलंय.

पहिलं दुकान सीताबर्डीतलं. तिथल्या विक्रेत्यानं सुटकेससारखं दिसणारं एक मशीन उघडून रेकॉर्ड लावली. आवाज इतका स्वच्छ आला की मी तर तिथेच खूश झाले. ह्यांनी मात्र पुढे वाकून सुईचा दांडा बोटानं हळूच उचलला. गाणं चालूच राहिलं. ते त्या विक्रेत्याच्या मोबाइलवरून येत होतं. डेमोपुरतं असं करावं लागतं, असं काहीसं तो सांगत राहिला. हे सरळ बाहेर पडले. त्यानंतर नेटवर कुणी एखाद्या मशीनचं कौतुक केलेलं दिसलं की मीसुद्धा विचार करू लागले, ह्याला कुणी बोलायला लावलं असेल?

दुसरं दुकान जरीपटक्यात होतं. वडिलांच्या मागे एक बाई ते चालवत होत्या. तिथे हे घरूनच रेकॉर्ड घेऊन गेले. खंजिरी भजनाची, सासऱ्यांनी आणलेली, ह्यांना अगदी पाठ असलेली. बाईंनी मधल्या किमतीतलं एक मशीन निवडून ती लावली. हे डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. थाप ऐकू येतेय, पण खंजिरीची झांज कुठे गेली, असं त्यांनी विचारलं.

बाईंनी सुई बदलली, दुसरे स्पीकर जोडले, मग दुसरं मशीन लावलं. हे मान हलवत राहिले. मधल्या मशीनला मुद्दाम हलकी सुई लावली असेल, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप महागड्याकडे वळतं, असं ते माझ्या कानाशी कुजबुजले. बाईंनी मग महागडंही लावून दाखवलं. त्यावरही झांज नव्हती, ह्यांच्या मते.

मला ती पहिल्या मशीनपासून ऐकू येत होती. खंजिरीच्या कडेच्या चकत्यांची छन् छन्, अगदी स्पष्ट.

तिथे बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट आठवायला लागली. दाराची बेल नीट वाजत नाही म्हणून हिवाळ्यात ह्यांनी ती बदलली होती. नवीनही बेकारच निघाली म्हणाले. नात फोनवर तोंडातल्या तोंडात बोलते, अशी तक्रार होती. कुकर शिट्टी देत नाही म्हणून त्या कंपनीला नावं ठेवून झाली होती. सगळीकडे दुसऱ्याचीच चूक दिसली होती, आणि मलाही तसंच वाटलं होतं.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाभीजी, आप बताइए, आपको सुनाई दे रही है?"

हे माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "नाही, मलाही नाही येत."

बाईंनी सुई उचलली. रेकॉर्ड पुसून, पाकिटात घालून ह्यांच्या हाती दिली. आम्ही काही न घेता निघालो.

गाडीत बसल्यावर ह्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तू खोटं काहून बोलली वं?"

मी काही तरी सांगणारच होते, पण पेटीचा तळ बघावा तसे ते माझ्याकडे बघत होते.

"येत होती," मी म्हटलं. "सगळ्याच मशीनवर येत होती."

ह्यांनी गाडी सुरू केली.

त्या आठवड्यात ते स्वतःहून म्हणाले, कान दाखवून येऊ. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक, उंच आवाज ह्यांना येत नाहीत, यंत्र लावावं लागेल. ते यंत्र दवाखान्यातच विकायला होतं. बाहेर आल्याबरोबर हे म्हणाले, "ह्याचं बी दुकानच आहे." मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे यंत्र घेतलं.

यंत्राची थोडी सवय झाल्यावर आम्ही पुन्हा जरीपटक्यात गेलो. बाईंनी ओळखलं. ह्यांच्या कानाकडे त्यांची नजर गेली असणार. पहिल्या दिवशीचं तेच मधलं मशीन काढून सुई ठेवली. हे ताठ बसले होते. खंजिरी सुरू झाली तशी त्यांनी मान खाली घातली.

"आहे," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता सुटलो. पण लगेच त्यांना झांज फार कर्कश वाटायला लागली, कुणी चमचे आपटतंय अशी. आता हा दोष मशीनचा की कानातल्या यंत्राचा, हे त्यांना ठरवता येईना. बाईंनी चहा मागवला आणि तीच बाजू परत परत लावली. शेवटी हे मशीन घ्यायला तयार झाले, खोक्यावरचं सील स्वतः तपासून.

टर्नटेबल आता समोरच्या खोलीत आहे. संध्याकाळी हे रेकॉर्ड लावतात आणि मध्येच मला हाक मारतात, ही खरखर रेकॉर्डची का माझ्या कानातली? मी येऊन ऐकते आणि जे असेल ते सांगते. ते क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघतात. पटलं तर बाजू पालटतात, नाही पटलं तर मला पुन्हा ऐकायला लावतात.