जस्त दिसलं की उजळणारा रेणू

निवृत्त होताना चार्ज देतात तेव्हा फायलींची यादी होते, किस्स्यांची कोणी करत नाही. म्हणून ते साचतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी कारकुनी केली. शेवटची काही वर्षं माझं टेबल केमिस्ट्रीच्या लॅबला लागून होतं. फायली तिथेच ठेवल्या, किस्से घरी आणले!

*

केशोरी गावची वैशाली पीएच.डी. करत होती. तिला असा रेणू बनवायचा होता, जो फक्त जस्ताला पकडेल आणि यूव्ही दिव्याखाली उजळेल. मग धानाच्या मुळात जस्त कुठवर पोचलं, ते डोळ्यांना दिसलं असतं.

लॅब अटेंडंट धर्माजीने विचारलं, "अन् लोखंड आलं तं?"

"गप्प बसायला पाहिजे, काका."

धर्माजीने माझ्याकडे पाहिलं. "समजलं. आपल्या बाबूसारखा! ओळखीचा दिसला तंच चेहरा खुलते!"

*

पहिला रेणू कॅडमियमलाही उजळला. तिचे गाइड बिसेन सर वैतागले, "याला जस्त आणि कॅडमियममधला फरकच कळत नाही!"

"एकाच समाजाचे असतील, सर," धर्माजी म्हणाला.

सरांनी भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्याकडे पाहिलं. दोघे खरंच एकाखाली एक बसलेले!

*

उजेड पाहायला अंधार लागतो. एका दुपारी लाइट गेली. अख्खं कॉलेज ओरडत होतं, वैशाली एकटी खूश. "काका, कसा झकास अंधार झाला!"

"हो मॅडम. अन् तुमचा दिवा का रॉकेलवर चालते?"

*

चौथा रेणू कॅडमियमसमोर शहाण्यासारखा गप्प राहिला. पण आठवड्याभरात वेगळंच घडलं. जिच्यात कुठलाच धातू नाही, ती बाटलीही उजळायला लागली! तीनदा केलं, तीनदा तेच.

"सोड हा रेणू. नव्याने सुरू कर," सर म्हणाले. दोन वर्षं पाण्यात. वैशाली स्टुलावर बसून रडू लागली.

सरांनी धर्माजीला विचारलं, "बाटल्या नीट धुतल्या होत्या ना?"

"डिस्टिल्ड वॉटरने, सर! धूळ बसू नये म्हणून त्याच पाण्यात बुडवून ठेवतो. नव्या बादलीत."

बादली प्लास्टिकची मागवली होती. टिकाऊ म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी मीच पास केली.

सरांनी त्या बादलीतलं पाणी घेतलं, रेणूचे दोन थेंब टाकले, दिवा धरला. असा लख्ख तो कधीच उजळला नव्हता!

सगळे धर्माजीकडे पाहू लागले. धर्माजी वैशालीकडे पाहत होता.

"दोन सालापासून तुमचा रेणू जस्त शोधून राहिला. आता सापडलं, तं रडून काऊन राहिल्या, मॅडम?"