भिंतपाडे बाईंची गोष्ट

चार माणसं जमली आणि जेवायला अजून अवकाश आहे असं दिसलं, की कुणीतरी म्हणायचंच, "अहो, ती भिंतीची गोष्ट होऊन जाऊ द्या!" चष्मेवाला आधी आढेवेढे घ्यायचा. "जाऊ द्या हो, किती वेळा तेच ते!" मग खुर्ची मागे सारून उभा राहायचा. आढेवेढे हासुद्धा गोष्टीचाच भाग होता, बरं का. मग दोन्ही हातांत हवेतलं स्टिअरिंग धरायचं, डोळे वटारायचे आणि बायकोच्या आवाजात किंचाळायचं, "अगं बाई, थांब की गं!" लगेच भिंतीच्या जाड्याभरड्या आवाजात, "बाई, मी कुठे चाललेय? मी तर उभीच आहे!" इथे माणसं पोट धरून हसायची. शेवटी एक पाय उंच उचलून तो दाणकन जमिनीवर आपटायचा आणि म्हणायचा, "आणि बाईंनी ब्रेक दाबला! फक्त तो ब्रेक नव्हता!" की टाळ्या. ज्या बाईंवर हे सगळं चाललेलं असायचं, त्याही हसायच्या. भिंतपाडे बाई हे नाव त्यांना या गोष्टीनेच दिलं. बहिणीची मुलं तर सरळ भिंतपाडे मावशीच म्हणायची.

माणूस तसा वाईट नव्हता हो. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायचा, फ्रेमीत बसवायचा, डोळ्यांत तेल घालून काम करायचा. तिळाएवढा स्क्रू हरवून आलेल्या म्हातारीला कधी उगाच नवी फ्रेम गळ्यात मारली नाही. त्याला व्यसन एकच. घराखालच्या गॅरेजमध्ये उभी असलेली दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. लग्नाच्याही आधीची. घेतली तेव्हा सीटमध्ये उंदरांचा संसार होता. याने तो हलवला, सीट पुन्हा भरली, ब्रेक काढून घातले, सायलेन्सर बदलला, पत्र्याला आलेला गंज खरवडून काढला. सगळं स्वतःच्या हाताने. "हिला परक्याचा हात लागलेला नाही," असं सांगताना त्याची छाती फुगायची. बायको गाडीला सवत म्हणायची. "जेवायला येताय की सवतीकडेच ताट पाठवू?" असा जिन्यावरून आवाज आला की खालून पाना पडल्याचा आवाज यायचा.

पण ती सवत चालवावी कुणी, तर बायकोनेच. ती इस्पितळात नर्स होती आणि ड्यूटीला ती गाडी घेऊन जायची. गिअर कधी बदलला ते शेजारच्याला कळायचं नाही. चष्मेवाला स्वतः चालवताना घामाघूम व्हायचा, आणि ती चालवत असली की बाजूला बसून खुशाल डुलक्या काढायचा. याहून मोठं प्रशस्तिपत्र नवरा बायकोला काय देणार?

मग त्याच्या डोक्यात दोन कार्बोरेटरचं खूळ शिरलं. इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर गाडीत एकच होता. दोन बसवले की गाडी वाऱ्यासारखी पळेल, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. भंगारवाल्याकडून जोडी आणली, महिनोन्‌महिने खटपट केली, बसवली. आता पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरपासून या जोडीपर्यंत केबल नव्याने न्यायची होती. सरळ समोरून नेता आली असती, पण ती इंजिनावर आडवी लोंबली असती, बॉनेट उघडलं की डोळ्यांत खुपली असती. याने ती मागून वळवली, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या अगदी शेजारून. दिसायला काय सुरेख दिसत होती! केबल आहे हे सांगावं लागायचं. आणि शहाणा सगळ्यांना सांगायचासुद्धा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. त्या दिवशी रस्ते तुंबलेले होते. बायको ड्यूटी संपवून, ऊन खात, रांगेत इंचाइंचाने सरकत घरी आली. गल्लीत वळताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला, मग पाय उचलला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उधळली. शेजारच्या मास्तरांची कंपाउंडची भिंत पाडून गुलाबांच्या कुंड्यांत जाऊन बसली. मनगट मोडलं, बाकी जीव वाचला. ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती. "मी पाय काढला होता हो. ब्रेक दाबला होता. तरी पळतच होती. आणि कसला तरी जळका वास येत होता."

चष्मेवाला दुकान बंद करून आला तोवर इंजिन गार पडलं होतं. गल्ली जमलेली. त्याने गाडीत बसून अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल दाबलं, सोडलं. खटकन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खटकन वर. सगळ्यांच्या देखत. मग तो बायकोजवळ आला आणि अगदी समजुतीने म्हणाला, "अगं, कुठे अडकतंय? घाबरलीस, आणि ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटरच दाबलास. होतं असं. वास क्लचचा असेल, जाळला असशील तू." तो चिडला असता तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता. पण तो इतक्या मायेने बोलला की ती गप्पच बसली.

मनगट सांधलं, पण ती पुन्हा स्टिअरिंगला बसली नाही. दोन बस बदलून ड्यूटीला जाऊ लागली. पुढे इस्पितळाने घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बघणाऱ्या नर्सची जागा काढली. ही जागा तिला फार दिवसांपासून हवी होती. मोठ्या सिस्टरने आपण होऊन तिचं नाव सुचवलं. पण गाडी चालवावी लागणार होती. "मला नाही जमत गाडी," असं सांगून ती परत आली, आणि चष्मेवाला म्हणाला, "बरं केलंस. उगाच कुणाच्या तरी भिंतीवर संक्रांत!" आणि दोघं हसली.

अलीकडेच एका सुट्टीत बायको ड्यूटीवर असताना हा गॅरेजमध्ये दोन्ही कार्बोरेटर एका सुरात आणत बसला होता. त्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. दार लोटलेलं, वारा नाही, इंजिन चांगलं तापलं. त्याने हाताने केबल ओढली आणि सोडली. इंजिन काही शांत होईना. नुसतं डरकाळ्या फोडत राहिलं. घाईघाईने किल्ली बंद केली तर नाकात वास शिरला. जळका.

केबलच्या आत प्लास्टिकची नळी असते, तार तिच्यातून सरकते. पाइपाच्या धगीने ती नळी मऊ पडून फुगत होती आणि तारेला घट्ट धरत होती. इंजिन गार झालं की पकड सैल, पेडल खटकन वर. तापलं की पुन्हा घट्ट. त्याने गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं, पुन्हा पाहिलं. यावेळी तरी अडकू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडले. अडकली. त्याच्या स्वतःच्या हातात कशी कधी अडकली नाही? कशी अडकेल! हा रविवारी सकाळच्या गारव्यात, मोकळ्या रस्त्यावर, वाऱ्यावर गाडी फिरवून आणणार आणि पुसून ठेवणार. ऊन खात रांगेत रखडायचं ते तिने.

तो गॅरेजच्या पायरीवर बसला. त्याला आधी आठवली ती भिंत नाही, मनगटही नाही. आठवला तो स्वतःचा उचललेला पाय. किती घरांत, किती जणांसमोर तो पाय त्याने आपटला होता! आणि टाळ्या घेतल्या होत्या. भिंतीचा आवाज काढला होता. एकटाच होता तरी त्याचे कान तापले. लाज वाटली, अशी लाज की गॅरेजचं दार आतून लावून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी बायको बसमधून उतरून आली, चपला काढून सुजलेली पावलं चोळत बसली. "तोंड का पडलंय? सवतीने हाकलून दिलं की काय?"

"काही नाही," तो म्हणाला.

झालं. मग आठवडाभर काही नाहीच. नवी केबल आणली, समोरून, सरळ, डोळ्यांत खुपेल अशी नेली. जुनी खिशात ठेवली, बायकोला दाखवायची म्हणून. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि ती "काय?" म्हणाली की मागे फिरायचे. इतरांपुढे तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, घरात मूग गिळून बसला.

रविवारी साडूंकडे दुपारचं जेवण होतं. गाडीनेच गेले, तो चालवत, ती पर्स मांडीवर घेऊन शेजारी. घर माणसांनी भरलेलं. साडूंनी पंख्याखाली खुर्च्या मांडल्या आणि फर्मान सोडलं, "जेवणाला उशीर आहे. होऊन जाऊ द्या भिंत!"

या वेळी त्याने आढेवेढे घेतले नाहीत. उभा राहिला. हात सवयीने स्टिअरिंग धरायला वर गेले, ते त्याने खाली घेतले.

"तो ब्रेकच होता," तो म्हणाला. "तिने ब्रेकच दाबला होता. केबल अडकली होती. मी चुकीची बसवली होती, पाइपाला चिकटून. भिंत मी पाडली."

मग साडूंनी मांडीवर थाप मारली. "अरे वा रे पठ्ठ्या! नवा शेवट!"

हशाचा स्फोट झाला. "हसू नका हो, खरंच सांगतोय," तो म्हणाला, तर आणखी हसले. थोरली मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "याला म्हणतात नवरा! बायकोचं नाव राखायला सगळं आपल्या अंगावर घेतोय. शिका जरा, अहो, शिका यांच्याकडून!" त्याने खिशातून केबल काढून टेबलावर ठेवली. "ही बघा. हीच ती." साडूंनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. "पुरावासुद्धा घेऊन आलाय! पण साडूभाऊ, भिंतीचा आवाज राहिला. त्याशिवाय मजा नाही."

तोंडघशी पडणं म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी कळलं. खरं बोलला आणि शाबासकी मिळाली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात ताटांची चळत घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. "तो वास?" तिने विचारलं.

"कसला गं वास?" बहीण म्हणाली.

चष्मेवाल्याला मान वर करवेना. "क्लच नव्हता तो," तो म्हणाला. "ही जळत होती."

तिने मान हलवली आणि एकेक ताट मांडायला घेतलं. नंतर जेवणं झाली, काय जेवला ते त्याला आठवत नाही.

खाली गाडीशी आल्यावर तिने विचारलं, "कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि आठवडाभर बोलला नाहीत."

"लाज वाटत होती गं. अजून वाटतेय. मी तुला..." त्याने किल्ली पुढे केली. "तू चालव. केबल नवी आहे. इंजिन तापवून तापवून तपासलीय."

तिने किल्लीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "मनगट प्लास्टरमध्ये होतं ना, तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं, मी ब्रेकच दाबला होता. मग तुम्ही सांगत गेलात. पाय उचलायचात, आपटायचात. ऐकता ऐकता मलाही तसाच दिसायला लागला माझा पाय. आता आठवायला गेलं तर तेवढंच दिसतं. खरं काय झालं ते दिसतच नाही." ती टोमणा मारत नव्हती, म्हणून तर त्याला जास्त लागलं. "किती छान सांगायचात हो तुम्ही."

आणि ती वळसा घालून नेहमीच्या बाजूला जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली.

तेवढ्यात वरच्या गॅलरीत सगळे निरोप द्यायला जमले. साडू ओरडले, "सांभाळून हं, भिंतपाडे बाई! आमच्या भिंती मोजलेल्या आहेत!"

तिचा हात खिडकीतून वर गेला, सवयीने, दर वेळी जायचा तसाच. चेहऱ्यावर ते नेहमीचं हसूही आलं.

चष्मेवाला गाडीबाहेरच उभा होता. त्याने मान वर केली आणि असेल नसेल तेवढ्या ताकदीने ओरडला, "तिने नाही पाडली हो! मी पाडली! मी!"

वर टाळ्या पडल्या.