सवारी भरल्याशिवाय विमान निघत नाही

आमच्या घरात कॉलेजात जाणारा पहिला माणूस मी, त्यामुळे घरातले सगळे घोटाळेही माझ्याच हातून होतात. बाकी कोणाला कागद भरताच येत नाहीत, तर ते चुकवणार कुठून?

गोष्ट कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्याची आहे. आमचं गाव धानोरा तालुक्यात, जंगलाला लागून. माझी ताई लग्न होऊन बंगलोरला गेलेली. भाऊजी तिथे इलेक्ट्रिशियन. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई सातव्या महिन्यात आमच्याकडे येणार होती. पण सातवा महिना लागला आणि सगळं बंद झालं. रेल्वे बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमेवर बांबू आडवा.

आईने ठरवून टाकलं. "पोरगी इकडं येऊ शकत नाई, तर मी तिकडं जातो. बाबू, तू मोबाईल शिकला ना? कसंही कर, पन मले बाळंतपणाच्या आधी पोचव."

हो म्हणालो. (माझा स्वभाव असा आहे की आधी हो म्हणतो, मग मला घाम फुटतो.)

मे महिन्याच्या शेवटी विमानं सुरू झाली. भाऊजींनी पैसे पाठवले, तिकीट काढायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या गावात इंटरनेट फक्त पाण्याच्या टाकीच्या अकराव्या पायरीवर येतं. दहाव्या पायरीपर्यंत नुसता फोन लागतो. बाराव्या पायरीवर मधमाश्या आहेत. तर अकराव्या पायरीवर बसून मी आमच्या घराण्यातलं पहिलं विमानाचं तिकीट काढलं आणि आनंदाने दोन पायऱ्या चुकवून खाली आलो.

आईला निरोप द्यायला सगळा गाव तोंडाला दुपट्टे बांधून रस्त्यावर आला. कोणी जवसाची चटणी दिली, कोणी डिंकाचे लाडू, कोणी बाळासाठी जुन्या लुगड्याची दुपटी. बायका रडल्या. आई रडली. भाड्याच्या गाडीत बसताना फोन वाजला. विमान रद्द!

"रद्द म्हणजे?" आईने विचारलं. "पंक्चर झालं का?"

"ड्रायव्हर आला नसन," बाबा म्हणाले.

मी नीट समजावून सांगितलं. लोक घाबरून प्रवासच करत नाहीत. विमानं रिकामी जातात. म्हणून कंपन्या दोन-दोन विमानांची माणसं एका विमानात बसवतात आणि उरलेलं विमान रद्द करतात.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "मंग हे तर आपल्या काळीपिवळी जीपसारखंच झालं! सवारी भरल्याबिगर गाडी निघत नाई. यात इंग्रजी शिकाचं काय काम?"

आई तर आणखी पुढे गेली. "त्याले फोन लाव. सांग, आमाले घाई नाई. आमी बसून राह्यतो, सवारी भरू दे."

दुसरं तिकीट काढलं. या वेळी निम्मा गाव आला. बायका रडल्या नाहीत, "पाहू, जाते का" अशा चेहऱ्याने उभ्या राहिल्या. तेही विमान रद्द झालं. डिंकाचे लाडू परत घरी आले आणि ते मीच संपवले. (खराब झाले असते.)

आता आईने कंबर कसली. "बाबू, शेवटचं सांगतो. मले विमान नाई भेटलं, तर मी पायी निघन. लोक येऊन राह्यले ना मुंबईहून पायी? मंग मी काऊन नाई जाऊ शकत?"

ती निघाली असती, याबद्दल आमच्या घरात कोणालाच शंका नव्हती. तिने चपलेचा पट्टासुद्धा शिवून आणला होता! दवाखान्याने ताईला सांगितलेली तारीख अजून अडीच आठवडे दूर होती. सगळा विचार करून ठरलं, की या नाही, पुढच्या गुरुवारी निघायचं.

सोमवारी संध्याकाळी मी टाकीवर चढलो. वारा सुटलेला, बॅटरी शेवटच्या घटकेला आलेली, वरच्या पायरीवरची एक मधमाशी कानाशी चौकशी करत होती. मी भराभर बोटं मारली. खिडकीची जागा जास्त पैशांची होती आणि मधली फुकट. मला वाटलं, आई पहिल्यांदाच विमानात बसते आहे, दोन्ही बाजूंनी माणसं असलेली बरी. काळीपिवळीत नाही का, वळणावर मधला माणूस कधी पडत नाही! मधली जागा घेतली. तिकीट झालं.

मंगळवारी संध्याकाळी कंपनीचा संदेश आला, 'आपला प्रवास परवा आहे.'

परवा! मी पुढच्या गुरुवारऐवजी याच गुरुवारावर बोट ठेवलं होतं.

मी घरी येऊन खरं ते सांगितलं. निदान सांगायचा प्रयत्न केला. "आई, ते तिकीट जरा… म्हणजे… थोडंसं अलीकडचं निघालं."

"किती अलीकडचं?"

"परवाचं."

बाबा काहीतरी बोलणार होते, पण आईने हात वर केला. "चांगलं झालं. जितक्या लवकर निघन, तितक्या लवकर पोचन. चाला, बॅग काढा."

बॅग काढली, तर तिची चेन तुटलेली. दुकानं बंद. पण बाबा शांत. माझे बाबा दर हंगामात धान खरेदी केंद्रावर हमालीला जातात. पोती भरणं, शिवणं, त्यांच्यावर नाव घालणं यात त्यांचा हात कोणी धरत नाही. त्यांनी दाभण काढलं, सुतळी ओवली.

"नियमात काय लिवलं हाये?" त्यांनी विचारलं.

टाकीवरून मोबाईलमध्ये उतरवून आणलेली नियमावली मी वाचली, "सामानाला नाव आणि तिकिटाचा क्रमांक जाड कागदावर लिहून मजबूत दोरीने बांधावा."

"कागद फाटते," बाबा म्हणाले आणि ब्रश घेऊन थेट बॅगेवरच रंगवायला बसले. आईचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, तिकिटाचा क्रमांक. आणि शेवटी, हाताच्या सवयीने, 'अ दर्जा'.

मी आत सामान भरत होतो. लाडू (तिसरी खेप), चटणी, दुपटी. शिवाय बाळबाळंतिणीला शेक द्यायला आईने निवडून ठेवलेल्या वीस गोवऱ्या. "बंगलोरच्या गोवरीचा का भरोसा?" ती म्हणाली. सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात खाली ठेवायची, ही आमच्या घरची रीत. घरातली महत्त्वाची वस्तू धानाच्या कोठीत तळाशी असते. म्हणून मी आईचं आधार कार्ड नीट पिशवीत गुंडाळून बॅगेच्या अगदी तळाशी ठेवलं. वर गोवऱ्या रचल्या. मग बाबांनी बॅगेचं तोंड दुहेरी टाके घालून शिवून टाकलं.

"उंदराच्या बापालेही नाई उसवत," ते म्हणाले.

नियमावली मी तीनदा वाचली होती. चाकू, कात्री, सुई, ब्लेड नेऊ नये. मी इतका काटेकोर की घरची सुरी राहू द्या, गाडीतला पान्हा आणि बाबांच्या खिशातला अडकित्तासुद्धा घरी ठेवायला लावला. आणि बुधवारी रात्री, ई-पास दाखवत दाखवत, आम्ही नागपूरला निघालो. निरोपाला या वेळी फक्त आमची शेळी आली होती.

सकाळी विमानतळाच्या दाराशी जमिनीवर पिवळी वर्तुळं काढलेली. प्रत्येक वर्तुळात एक प्रवासी. आत फक्त प्रवाशाला जाता येणार होतं. काचेपलीकडून सुरक्षेवाल्या बाईंनी आईला विचारलं, "तिकीट दाखवा. आधार कार्ड?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेकडे पाहिलं. बाबांनी आपल्या शिवणीकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, त्यांच्या डोळ्यांत चिंतेच्या आधी अभिमान चमकून गेला.

"आत आहे," मी म्हणालो.

"मग काढा ना!"

काढा! कशाने? तिघांजवळ मिळून एक धारदार वस्तू नाही. मी किल्लीने ओरबाडलं, किल्ली वाकली. बाबांनी मास्क खाली करून दात लावले, तेवढ्यात शिपाई ओरडला, "ओ काका, मास्क!" मागच्या प्रवाशाने पेन दिला, तो सुतळीत अडकून बसला. सामान घ्यायची खिडकी बंद व्हायला पाऊण तास उरलेला.

"येवढी घट्ट काऊन शिवली?" मी रडकुंडीला आलो.

"तूच म्हणला ना, मजबूत दोरीनं!"

"बांधा म्हणलं होतं, शिवा नाई!"

"सरका दोघंही!" आई वर्तुळातून बाहेर आली, बॅगेसमोर उकिडवी बसली. शिवणीवरून अंगठा फिरवत गेली, एका कोपऱ्यात थांबली, तिथला फुगलेला टाका नखाने उचलला आणि दोरा ओढला. सर्रर्र! अख्खी शिवण एका झटक्यात उघडली.

बाबांचा चेहरा पडला.

"तीस वर्सं तुमी शिवता," आई म्हणाली, "अन तीस वर्सं मीच उसवून राह्यली."

पण दोरा इतक्या जोरात ओढला गेला होता, की बॅग आडवी झाली आणि गोवऱ्या घरंगळत निघाल्या. एक या वर्तुळात, एक त्या वर्तुळात, एक थेट सुरक्षेवाल्या बाईंच्या बुटापाशी. त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर अंतराचा नियम सगळ्यात चोख कोणी पाळला असेल, तर आमच्या गोवऱ्यांनी!

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण शिकलेला मीच. त्यात समोर गणवेश पाहून माझ्या तोंडी साधा शब्द येईना. मी हात जोडून म्हणालो, "मॅडम, हे एक प्रकारचं घन इंधन आहे."

"इंधन?" बाई ओरडल्या. दोन शिपाई धावत आले. वर्तुळातले प्रवासी वर्तुळं सोडून मागे सरले.

"ओ बाई, गोवऱ्या हायेत गोवऱ्या!" आई मध्ये पडली. "पोट्ट्याचं ऐकू नका, तो कॉलेजात जाते. माझी पोरगी बंगलोरले बाळंत होऊन राह्यली. शेकाले घेतल्या."

बाईंनी एक गोवरी उचलली. फिरवून पाहिली. मास्कच्या वरचे डोळे हसले. "मावशी, गोवऱ्या चांगल्या आहेत. पण विमानात जळणारी वस्तू चालत नाही."

"नाई चालत ना? मंग ठेवा तुमच्यापाशी," आई म्हणाली. तिने क्षणभरही घोळ घातला नाही. "मी चालते ना? मले जाऊ द्या."

आईने तळातून आधार कार्ड काढून दाखवलं. बाईंनी कुठूनशी चिकटपट्टी आणून बॅगेचं तोंड स्वतः बंद केलं. आई आत गेली. काचेपलीकडे गेल्यावर तिने मागे वळूनही पाहिलं नाही. बाबा काचेला हात लावून उभे राहिले. मी गोवऱ्या गोळा केल्या. एकोणीसच भरल्या.

संध्याकाळी बंगलोरहून आईचा फोन आला.

"बाबू, विमानात सगळ्यायले साधा मास्क अन मलेच डॉक्टरचा झगा काऊन घातला?"

मधल्या जागेवरच्या प्रवाशाला अंगभर झगा घालावा लागतो, हा नियम मी वाचलाच नव्हता. खिडकीजवळच्या बाईने आईला खरीच डॉक्टर समजून गुडघ्याचं दुखणं सांगितलं, आणि आईने मोहाच्या तेलाने चोळा म्हणून औषधही सांगितलं!

"ते जाऊ दे. पोचली ना ताईकडे?"

"कायची पोचली! इथी एका लॉजात आणून ठेवलं हाये. हातावर शिक्का मारला. म्हणते, महाराष्ट्रातून आलेल्यायले सात दिवस बाहेर निंघता येत नाई. तुले हे मालूम नव्हतं का?"

नव्हतं. मी विमानाचे नियम तीनदा वाचले होते. विमान जिथे उतरतं तिथलेही नियम असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेळीही जरा तुटक वागत होती.

आई मात्र लॉजातून फोनवर घर चालवत होती. भाऊजींना ओवा भाजायला लावला, अळीव भिजवायला लावले. खोलीचा दरवाजा उघडेपर्यंतचे दिवस ती बोटांवर मोजत होती. आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या गुरुवारी सकाळी, तिला सोडलं. दुपारी ती ताईच्या दारात पोचली. संध्याकाळी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या, दवाखान्याच्या तारखेच्या कितीतरी आधी. पहाटे मुलगी झाली. पूर्णवेळ ताईचा हात आईच्या हातात होता.

आणि त्या गुरुवारचं विमान, ज्याचं तिकीट मी खरं तर काढणार होतो, ते रद्द झालं होतं. सवारी भरली नाही.

बातमी गावात पसरली. मी टाकीवर जाताना लोक थांबवून पाठीवर थाप मारू लागले. "पोट्ट्यानं काय हिशोब केला बाप्पा! सात दिवस लॉजाचे मोजून, विमान रद्द होईन हेही ओळखून, बरोब्बर आठ दिवस आधीचं तिकीट काढलं. शिक्षण म्हणतात ते हेच!"

मी प्रत्येक वेळी खरं सांगायला तोंड उघडतो, शब्द सापडत नाहीत, आणि मी खाली मान घालून उभा राहतो. लोक म्हणतात, "पाहा, इतका हुशार, पन गर्व कसा तो नाई!"