स्थळ क्रमांक तीन

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी एक पान धडधडीत खोटं लिहिलं. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे विभागानं ती वही नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवली. त्या पानाची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं, आणि राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही म्हणून आणखीच फिरतं.

आमचं घर घोटावड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. घरामागच्या चढणीला दोन झरे. खालचा हाकेच्या अंतरावर, वरचा अर्ध्या डोंगरात. दोन्हींच्या तोंडाशी दगडात कोरलेली कुंडी. खालच्या कुंडीवर आमची वस्ती पाणी भरायची, वरच्या कुंडीवर धनगर मामा मेंढरांना पाणी पाजायचे. मामा आमच्या नात्यातले नव्हेत, पण आईला ते भाऊच. भाऊबीजेला न चुकता ओवाळून घ्यायला यायचे. मी बारावीला असताना एका बिल्डरनं डोंगराचा पायथा कापून तिथं इमारती उठवल्या आणि त्यामागं उंच भिंत बांधली. पुढच्या उन्हाळ्यात आमची खालची कुंडी कोरडी पडली. बिल्डरचा माणूस म्हणाला, पाऊस कमी झाला. पाऊस कमी झाला नव्हता, आणि ही थाप तो शेतात राबणाऱ्या माणसांना मारत होता! पण पाणी कशानं गेलं ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना, म्हणून सगळे गप्प बसले आणि टँकर सुरू झाला.

कॉलेज पुण्यात. घोटावड्याहून पिरंगुट, तिथून दुसरी बस. भूशास्त्र मी आवडीनं घेतलं नव्हतं. रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, म्हणून खिडकीतल्या कारकुनानं परस्पर त्या चौकटीत खूण केली. पहिले काही महिने सरांनी फळ्यावर परदेशातले ज्वालामुखी काढले, परदेशातल्या हिमनद्या काढल्या. आपण ज्या जमिनीवर बाक मांडून बसलोय तीच लाव्हाची आहे, हे पुस्तकात शेवटाला एका परिच्छेदात होतं. तो परिच्छेद परीक्षेला येत नाही म्हणून गाळला होता.

मी तो बसमध्ये उभ्यानं वाचला. लाव्हाचे थरावर थर, आणि दोन थरांच्या मध्ये कुठंकुठं तांबड्या भाजक्या मातीचा पट्टा. वरच्या भेगाळ कातळातून पावसाचं पाणी झिरपत खाली येतं, त्या तांबड्या पट्ट्यावर अडतं, आणि वाट मिळेल तिथं डोंगराच्या पोटातून बाहेर पडतं. वाचताना माझा थांबा निघून गेला. आमच्या कुंडीच्या पाठीशी तोच तांबडा पट्टा होता. त्यातली माती आणून आई चुलीला लावायची.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी त्यांनी पलीकडं तांबडं फोडलं, आन् पाणी तिकडनं गेलं?"

"हो. भिंतीमागच्या गटारात."

"मंग हे सांग की कुनाला तरी. लिवून दे. तुजं कॉलेज हाय ना ह्येच्यासाठी?"

मला तेव्हा खरंच वाटलं, कॉलेज ह्याच्यासाठीच असतं.

थंडी संपता संपता वर्गाची क्षेत्रभेट ठरली. फलकावर यादी लागली. स्थळ क्रमांक एक, पिरंगुटजवळची खाण. दोन, नदीचं पात्र. तीन, 'तांबडा थर व बारमाही झरा', आणि पुढं आमच्या वस्तीचं नाव! मी मैत्रिणींना हाताला धरून ती ओळ दाखवली. मग कळलं की ही यादी वर्षानुवर्षं तीच आहे. अहवालही तोच असतो. आधीच्या वर्षाच्या कुणाची तरी वही मिळवायची आणि उतरवून काढायची. आम्ही तिला पोथी म्हणायचो. पोथीत एखाद्यानं कधी काळी नदीची दिशा चुकवली होती, तर पुढच्या सगळ्यांच्या वहीत नदी उलटीच वाहत होती.

गाडी आमच्या वस्तीसमोर थांबली. सर खाली उतरलेसुद्धा नाहीत. गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी पोथी उघडली आणि सांगायला लागले, "समोर दिसणाऱ्या उतारावर तांबडा थर असून त्यावरून बारमाही झरा वाहतो." समोर सिमेंटची भिंत होती. साठ पोरं भिंतीकडं बघत होती आणि झरा लिहीत होती.

मी म्हटलं, "सर, झरा आटलाय. मी इथंच राहते. वर चला, मी दाखवते. तांबडा थर कुठं कापलाय तेही दिसतं भिंतीच्या कडेला."

सर हसले. "अगं, बारमाही झरा असा आटत नसतो. बारमाही म्हणजे काय, सांग बघू."

वर्ग हसला. मी बारमाहीची व्याख्या सांगितली. दुसरं काय करणार?

पोरांना तहान लागली होती. आईनं पिंपातलं पाणी कळशीत काढून आणलं, आणि सरांना वेगळा तांब्या दिला. सरांनी पाणी पिऊन मिशा पुसल्या आणि वर्गाकडं वळून म्हणाले, "बघा, झऱ्याच्या पाण्याची चवच वेगळी."

आई म्हणाली, "टँकरचं हाय ओ सर त्ये."

सरांनी तांब्या परत दिला आणि घड्याळ बघितलं. गाडी निघाली.

मी मात्र अहवाल खरा लिहिला. आमच्या वह्या सुट्या पानांच्या, दोरीनं बांधलेल्या असत. स्थळ क्रमांक तीनच्या पानावर मी डोंगराचा छेद काढला, तांबडा पट्टा रंगवला, भिंत दाखवली, पाणी आता कुठं जातंय त्याचे बाण काढले. खाली लिहिलं, 'झरा सध्या कोरडा आहे.' चित्राला दोन संध्याकाळी लागल्या. इतकं मन लावून मी त्या वर्षात दुसरं काही केलं नव्हतं.

सरांनी त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली, 'चूक' असं लिहून खाली आद्याक्षरं आणि तारीख टाकली.

"निरीक्षण लिहायचं असतं, तक्रार नाही."

"सर, हे निरीक्षणच आहे. मी रोज बघते."

"आजवरच्या सगळ्या वह्यांत झरा आहे. तुझ्या एकटीच्या वहीत नाही. मग चूक कुणाची? पान बदलून आण, नाहीतर सही मिळणार नाही."

सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. मी घरी आले, पोथी उघडली आणि नवं पान लिहिलं. 'येथील झरा बारमाही असून ग्रामस्थ त्याचे पाणी पिण्यासाठी वापरतात.' बाहेर टँकर लागला होता. बायकांचा आरडाओरडा आणि हंड्यांचा आवाज खिडकीतून येत होता, त्यात आईचाही आवाज होता. मी वळणदार अक्षरात पान पुरं केलं. सरांनी 'तपासले, बरोबर' लिहून सही केली, विभागाचा शिक्का मारला, आणि वही कपाटात गेली. खोडलेलं पान मी फाडलं नाही. ट्रंकेत टाकून दिलं.

आता मी मारुंजीला शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी त्याच बिल्डरनं दुसरा टप्पा काढला, वरच्या उताराला. म्हणजे आता वरचा झराही जाणार. खालचा गेल्यापासून मामांच्या मेंढरांबरोबर आमची वस्तीही त्याच कुंडीवर होती. टँकर यायचा, पण त्याचा भरवसा नव्हता. गावानं हरकत घेतली. पौडहून हरकत ऐकायला तालुक्याचे साहेब आले, देवळाच्या मंडपात सतरंजी अंथरली. मामा आले, आई आली, मीही रजा टाकून आले. ह्या वेळी बोलायचंच, असं ठरवून आले होते.

बिल्डरचा तज्ज्ञ माझ्याच वयाचा. भूशास्त्रच शिकलेला. फार गोड बोलत होता. पहिल्या टप्प्यात डोंगर कापला तरी खालचा झरा आजही बारमाही वाहतोय, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यानं वरच्या झऱ्याला काहीच होणार नाही, असं त्यानं सांगितलं. पुरावा म्हणून एका कॉलेजच्या विभागातला, पहिल्या टप्प्यानंतरच्या तारखेचा अहवाल जोडला होता. त्याची झेरॉक्स साहेबांच्या हातून सतरंजीवर आली आणि हातोहात फिरत आईपर्यंत पोचली.

आईला वाचता फारसं येत नाही. तिनं कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"ह्ये तुजं अक्षर हाय."

मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहेब, हे मी लिहिलंय आणि हे खोटं आहे. साहेबांनी मान वर केली. "तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?" लोक हसले. मी धावत घरी गेले आणि ट्रंकेतलं पान घेऊन आले. साहेबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून नीट वाचली. माणूस वाईट नव्हता.

"ताई, ह्याच्यावर सही-शिक्का आहे, 'बरोबर' लिहिलंय. आणि तुमच्या ह्याच्यावर 'चूक' लिहिलंय."

मामा म्हणाले, "सायेब, कागूद ऱ्हाऊ द्या. वर चला, दोनी कुंड्या दावतो." साहेब म्हणाले, पुढच्या तारखेला बघू. दोन्ही कागद फायलीत गेले आणि गाडी पौडला गेली.

मंडप रिकामा झाला तरी माझं तोंड चालूच होतं. सरांना शिव्या, कॉलेजला शिव्या, त्या गोड बोलणाऱ्या तज्ज्ञाला शिव्या. आई सतरंजीची घडी घालत ऐकत होती. घडी झाल्यावर म्हणाली, "तू बरोबर लिवलं व्हतंस की. मंग खोडल्यावर दुसरं कशाला लिवलंस?"

"सही मिळाली नसती आई."

तिनं सतरंजी पुजाऱ्याकडं दिली, घरी येऊन दोन हंडे काढले, एक माझ्या हातात दिला, आणि आम्ही वरच्या झऱ्यावर पाण्याला गेलो.