हॅमस्टरचं कोठार

आमच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये लेकीचा हॅमस्टर तीन दिवस अंग चोरून बसला होता, आणि त्याच्यापायी लेकीनंही जेवण सोडलं होतं. पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले, विचारलं, "ओलं खाणं उरतं का?" मी ठसक्यात म्हटलं, "छे! ताटली रोज लख्ख असते."

मी बागायतदारांची मुलगी. पिंजऱ्यात जाड अंथरलेला पेंढा माहेरचा, चिकूच्या फोडीही माहेरच्याच. मला कोण शिकवणार होतं!

शनिवारी चिंचणीहून सासूबाई आल्या. त्यांचा जन्म बोंबील वाळवण्यात गेलेला. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "अगो, कायतरी ओलं कुजलं हाय."

मला मिरच्या झोंबल्या. "आई, पिंजरा मी रोज पुसते!"

त्यांनी लेकीला हॅमस्टर उचलायला लावलं आणि डोळे मिटून पेंढ्यात हात घातला, मासळी सुकली का ते चाचपतात तसा. तळाशी हात थांबला. "हितं ऊब हाय."

पेंढा उचलला आणि बाई गं! चिकूच्या फोडींचा ढीग, वर पांढरीहिरवी बुरशी. त्यानं खाल्लं काहीच नव्हतं, गालात भरून सगळं लपवलं होतं, आणि त्याच कुबट ओलीवर तो झोपत होता. चिकू पेंढ्यात घातला की पिकतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि मी पेंढ्याच्या त्याच पिंजऱ्यात रोज चिरलेल्या फोडी देत बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पलीकडच्या कोपऱ्यात बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया होत्या, खडखडीत कोरड्या. त्यात चिकूचा एक कण नाही. मुठीएवढा जीव! ओलं वेगळं, सुकं वेगळं, हे त्याला सांगितलं कुणी? मी खुळ्यासारखी बघत राहिले. सासूबाईंनी तर चक्क हात जोडले. "आमच्यापरीस हुशार हाय हा."

पेंढा फेकला, पिंजरा धुऊन उन्हात सुकवला, कागदाचे कपटे अंथरले. "त्याची जागा मोडू नको," असं म्हणत सासूबाईंनी त्याच कोपऱ्यात ताजे दाणे ठेवले. ओलं आता नखाएवढंच द्यायचं, उरलं की उचलायचं, कोपरे रोज चाचपायचे.

दोन दिवस तो हलला नाही. लेक पिंजऱ्यापासून उठेना. तिसऱ्या सकाळी त्यानं एक बी कुरतडली, दोन गालात भरल्या आणि लटपटत कोपऱ्यात नेऊन ठेवल्या.

"आता नाय मरत तो," सासूबाई म्हणाल्या. "उद्याचं ठेवायला लागलाय."

लेक उठली आणि स्वतःचं ताट घेऊन आली.