दक्षिणेकडे तोंड

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशी नाही, मुलांपाशी नाही. देवाला ठाऊक असणार, पण त्याने कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

आमच्या घरात दर दिवाळीला एक गंमत निघते. अभ्यंगस्नानाला नळातून वाफाळतं पाणी आलं की नातवंडांपैकी कुणीतरी म्हणतंच, आजी, पणजीची सोलरची गोष्ट सांग. मग मी पदर खोचून नकलेसकट सांगते. इंदिरानगरात आम्ही नवीन रो-हाउस घेतलं, गच्चीवर सोलरचा बंब बसवायचा ठरलं. त्याचं तोंड दक्षिणेला करायचं, तर माझ्या सासूबाई अडून बसल्या. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तिकडे तोंड करून तापलेल्या पाण्याने मी आंघोळ करायची नाही. मग बंब पूर्वेला बसला, पाणी कोमट आलं, सरकारी साहेबाने येऊन तो फिरवायला लावला, आणि सासूबाईंनी मरेपर्यंत गॅसवर पातेलं ठेवून आंघोळ केली. पोरं हसून हसून लोळतात. मीही हसते.

यातलं पातेलं खरं आहे. साहेब खरा आहे. बाकीचं — थांबा, घाई करू नका. मलाही एकदम तिथवर जाता येत नाही.

तेव्हा मी कशी होते ते आधी ऐका. मी एका शाळेत भूगोल शिकवायची. इस्त्रीची सुती साडी, केसात पेन, आणि आपण फार पुरोगामी आहोत असा चेहरा. आठवीच्या वर्गात पृथ्वीगोल फिरवत मी ठणकावून सांगायची, कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, म्हणून वर्षातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. बाळांनो, यात शुभ-अशुभ काही नाही, हे खगोल आहे. वर्षाला दोन तुकड्या, म्हणजे हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल?

नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस होते ते. सौर बंबाला सरकारी अनुदान मिळायचं. अट अशी की योजनेच्या यादीतल्या फिटरकडून बसवून घ्यायचा, मग साहेब येऊन तपासणार, मग अनुदान मंजूर. ह्यांनी अर्ज भरला आणि ते कारखान्याच्या पाळीत अडकले. फिटरशी बोलणं, उभं राहून करून घेणं, सगळं माझ्याकडे आलं.

फिटरचं नाव निवृत्ती. घोटीकडचा. पॅसेंजरने नाशिकरोडला उतरायचा आणि तिथे ठेवलेल्या सायकलवर पाइप बांधून यायचा. आधी देवळाली कॅम्पात नळकाम करायचा. मग सरकारी प्रशिक्षण करून यादीत आला होता. त्याचं ओळखपत्र प्लास्टिकमध्ये घातलेलं, शर्टाच्या खिशात. आला की आधी ते दाखवायचा, चहाचं नंतर. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. एवढ्याशा कार्डाचं काय ते कौतुक!

त्याने गच्चीवर सावली पाहिली, खडूने खुणा केल्या आणि म्हणाला, तोंड दक्षिणेला येणार. आणि यमाचं नाव आलं ते माझ्या मनात.

हो. माझ्या. सासूबाईंच्या नाही.

त्या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये वास्तुशास्त्राची साथ आली होती. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे आणि कुणाच्या दक्षिणेच्या दाराने कोण गेलं याच्या कहाण्या सुरू व्हायच्या. मी नाक मुरडायची, आणि घरी येऊन उशीची दिशा बदलायची. नवीन घर, ह्यांचा रक्तदाब वाढलेला, आणि डोक्यावर चोवीस तास यमाकडे तोंड करून बसलेली ती काच. मला ते नको होतं. पण नको का, ते बोलायची हिंमत नव्हती. भूगोलाच्या बाई फिटरला काय सांगणार, मला यमाची भीती वाटते?

म्हणून मी त्याला सांगितलं, पूर्वेला बसव, रस्त्यावरून शोभा दिसते. तो म्हणाला, "बाई, शोभंनं पाणी नाय तापत." दोनदा समजावलं बिचाऱ्याने. हिवाळ्यात तर सूर्य अजून खाली सरकतो, दुपारनंतर काचेवर ऊनच राहणार नाही, हे त्याने मला हाताने सूर्य काढून दाखवलं. मला! शेवटी मी आवाज चढवला. घर कुणाचं आहे, म्हणाले. त्याने खुणा पुसल्या आणि बसवला पूर्वेला.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, जुन्या वळणाची बाई, पाठ थोपटेल. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, यम हा सूर्याचाच मुलगा. बापाने लेकाच्या घराकडे तोंड केलं तर काय बिघडलं? आणि धनत्रयोदशीला दिवा आपण दक्षिणेलाच लावतो ना?" चौथी शिकलेली बाई. मी बी.एड. त्यांचं पटलं, आणि पटलं म्हणूनच बंब फिरवायला सांगवेना. निवृत्तीला परत बोलवून काय सांगायचं?

पाणी अर्थातच कोमट आलं. मग साहेब आले तपासणीला. निवृत्तीलाही बोलावलेलं होतं. साहेब भले गृहस्थ, त्यांची पुतणी आमच्याच शाळेत होती. ते आलेच मुळी कौतुक करत, की बाई, तुमच्यासारख्या शिक्षकांनी सोलर लावला की लोक मागून लावतात. गच्चीवर आले, नळाखाली हात धरला, खिशातून होकायंत्र काढलं. एकदा काचेकडे पाहिलं, एकदा होकायंत्राकडे. हे पूर्वेला कुणी बसवायला सांगितलं, विचारलं.

निवृत्तीने माझ्याकडे पाहिलं. तो पटकन सांगून मोकळा होऊ शकला असता. पण तो म्हणाला, "बाईंना इचारा, सायेब."

मला वाट दिली त्याने, तुमच्या लक्षात आलं ना? माझं मीच सांगावं म्हणून.

आणि मी म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं? या फिटरने बसवलं तसं बसलं."

हे वाक्य मी बोलले. वीस वर्षं दिशा शिकवणाऱ्या बाईने. अनुदान बुडेल म्हणून बोलले, असं तुम्हाला सांगितलं तर ते त्यातल्या त्यात बरं दिसेल. माणूस गरजेपोटी खोटं बोलतो. पण तसं नव्हतं. अनुदान गेलं असतं तरी आमचं काही अडत नव्हतं. त्या पुतणीच्या काकांपुढे, होकायंत्र हातात धरलेल्या माणसापुढे, मी दक्षिणेला भिते हे उघडं पडू नये, एवढ्यासाठी.

साहेबांनी लेखी मागितलं. इथे तरी थांबायचं होतं की नाही? मी खाली गेले, फुलस्केप घेतला, समास सोडला आणि लिहिलं: फिटरने दिशेची खातरजमा न करता संच बसविला आहे. एकही काना-मात्रा चुकली नाही. साहेब म्हणाले, काय सुरेख अक्षर आहे तुमचं. मग त्यांनी हात पुढे केला आणि निवृत्तीने खिशातलं ते कार्ड काढून त्यावर ठेवलं. प्लास्टिकवरची धूळ तेवढी अंगठ्याने पुसली, देण्याआधी.

सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. वाळवण काढायला वर येत होत्या, तिथेच थांबल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

त्या रविवारी निवृत्ती आला. साहेबांनी दुरुस्ती करून द्यायला सांगितलं होतं, म्हणून आला. यादीतून नाव तर गेलंच होतं, न येता तरी त्याचं आणखी काय जाणार होतं? एकट्याने अर्धा दिवस खपून बंब दक्षिणेला फिरवला. सासूबाईंनी चहा दिला, तो त्याने घेतला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. जाताना दारातून आवाज दिला, "बाई, आता पाणी लय तापंल. चटका बसंल. आधी गार सोडत जा, मग गरम."

दुसऱ्या दिवशी कडकडीत पाणी आलं. अनुदानही यथावकाश मंजूर झालं. आणि सासूबाईंनी गॅसवर पातेलं ठेवलं. ह्यांनी विचारलं, अगं आई, आता सोलर आहे ना? त्या म्हणाल्या, त्या पाण्याने मला नको. ह्यांना वाटलं, म्हातारपणची सवय. मला अर्थ कळला होता. पुढची सात-आठ वर्षं रोज सकाळी ते पातेलं शेगडीवर दिसायचं आणि मी त्याच्या शेजारी चहा ठेवायची. त्यांनी मला एका शब्दाने हटकलं नाही, की कुणाला सांगितलं नाही.

त्या गेल्या, आणि वर्षभरात मी ती गंमत रचली. पातेल्याला काहीतरी कारण द्यायला हवं होतं ना, मुलं विचारत होती. यमाला भिणारी म्हातारी सगळ्यांना लगेच पटली. माझी भीती मी त्यांच्या अंगावर घातली आणि निवृत्ती तर गोष्टीतून गळूनच गेला. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

पुढे आमच्या भागात घरोघरी सोलर झाले. आता गच्चीवरून पाहिलं तर सगळ्या काचा दक्षिणेकडे तोंड करून, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारख्या ओळीत. ते बसवायला येणाऱ्या माणसांत मी निवृत्तीला शोधायची. शोधायची म्हणजे, तो त्यांत नाही ना, ते बघायची. कधी नव्हता.

एकदाच भेटला. देवळाली कॅम्पाच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर रोजंदारीवाली माणसं पिशवीत हत्यारं घेऊन बसतात, त्यांच्यात. केस पिकलेले. मी ओळख न दाखवता पुढे जाणार होते, पण तो उठून उभा राहिला. शर्टाचा खिसा रिकामा होता, मी पाहिला. तो म्हणाला, "बाई, पाणी तापतं ना?"

तापतं, म्हणाले.

मग माझी बस आली. त्याच्याशी मी खरं बोलले ते तेवढंच.